लांब हाड हातात घ्या, मग सांधा कळतो: शरीररचनेच्या पहिल्या वर्षासाठी

शरीररचनेचा अभ्यास सुरू झाला की नवखा विद्यार्थी दोन ठिकाणी हमखास अडखळतो. एक म्हणजे नावांची न संपणारी यादी, आणि दुसरे म्हणजे टेबलावर ठेवलेल्या हाडाकडे बोट दाखवून विचारलेला प्रश्न, ‘हे उजवे की डावे?’ दोन्हींवर उपाय एकच. नावे पाठ करण्याआधी हाडाचा पृष्ठभाग वाचायला शिका. गुळगुळीत, चकचकीत भाग दिसला की तिथे दुसरे हाड टेकत असणार, म्हणजे सांधा. खरखरीत किंवा उंचावलेला भाग दिसला की तिथे स्नायू किंवा अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा) ओढ लावत असणार. लांबट खाच दिसली तर तिच्यातून बहुधा नस (म्हणजे मज्जातंतू), रक्तवाहिनी किंवा स्नायूची दोरी जाते, आणि भोक असेल तर रक्तवाहिनी आत शिरते. एवढ्या चार खुणांवर पहिल्या वर्षाचे बरेचसे काम भागते.

हा लेख फिजिओथेरपी, नर्सिंग, वैद्यक किंवा योगशिक्षण नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी आहे. शक्य असेल तर एखादे खरे हाड किंवा प्लास्टिकची प्रतिकृती जवळ ठेवा. तेही नसेल तर स्वतःचे हातपाय आहेतच, निम्म्याहून जास्त गोष्टी त्यांवरच तपासता येतात.

पहिली पायरी: लांब हाड ओळखा

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण २०६ हाडे असतात. त्यांतली लांब हाडे हातापायांत आहेत: दंडाचे ह्यूमरस, हाताच्या पुढच्या भागातली रेडियस आणि अल्ना, मांडीचे फिमर, नडगीचे टिबिया आणि तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक फिब्युला. तळहाताची, तळपायाची आणि बोटांच्या पेरांची हाडेही याच गटात येतात. मोजपट्टी बाजूला ठेवा. करंगळीचे टोकाचे पेर लांब हाडांत मोडते आणि त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी गुडघ्याची वाटी मोडत नाही. मधे दांडा आणि दोन्ही टोकांना रुंदावलेला भाग, एवढाच निकष.

गळ्याखालचे आडवे हाड, म्हणजे क्लॅव्हिकल, या गटातले विक्षिप्त पोर आहे. इतर लांब हाडे आधी कूर्चेची, म्हणजे नरम, लवचिक ऊतीची बनतात आणि मग त्यांचे हाड होते. याचा बहुतेक भाग थेट पडद्यासारख्या ऊतीतून बनतो. गर्भात हाड बनायला सुरुवात सर्वांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, इथेच होते. छातीकडचे टोक मात्र पूर्ण जुळायला विशी उलटून जाते. इतर लांब हाडांसारखी मज्जेची मोठी पोकळीही त्यात नसते. तोंडी परीक्षेत हे हाड वारंवार पुढे येते ते याच कारणाने.

दुसरी पायरी: हाड शरीरात जसे असते तसे धरा

सुरुवात फिमरने करा. शरीरातले सर्वांत लांब हाड तेच, साधारणपणे माणसाच्या उंचीच्या एक चतुर्थांश, आणि त्याच्या खुणाही ठळक आहेत. एका टोकाला गोल डोके, त्याखाली तिरकी मान, मानेच्या बाहेरच्या अंगाला मोठा उंचवटा. मान आणि दांडा यांच्यातला कोन प्रौढांत सुमारे १२५ अंशांचा असतो. दुसऱ्या टोकाला दोन गोलसर गाठी, ज्या गुडघ्यात नडगीवर टेकतात. दांड्याच्या एका बाजूवरून उभी खरखरीत रेघ जाते, तिचे नाव लिनिया अस्पेरा.

हाडाची बाजू ठरवायला तीन दिशा लागतात: वर-खाली, आत-बाहेर आणि पुढे-मागे. यातल्या दोनच कळल्या तर उत्तर अंदाजाने द्यावे लागते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. फिमरमध्ये गोल डोके वर आणि आतल्या बाजूला वळलेले असते, खरखरीत रेघ मागे असते. दांडा पुढच्या बाजूला किंचित फुगलेला असतो, ही जास्तीची खात्री. तिन्ही जुळले की हाड स्वतःच्या मांडीलगत धरा. ज्या मांडीशी ते नीट जुळते, त्या बाजूचे ते हाड.

बाकीच्या हाडांना हीच रीत लावा. ह्यूमरसचे डोके वर आणि आत, आणि खालच्या टोकाजवळचा खोल खळगा मागे, कारण कोपर सरळ केले की अल्नाचे टोक त्यात जाऊन बसते. टिबियाचे रुंद टोक वर, धारदार कड पुढे, आणि खालच्या टोकाचा लोंबता उंचवटा आतल्या बाजूला. धारदार कड कोणती, हे नडगीवर टेबलाचा कोपरा आपटलेल्याला सांगावे लागत नाही.

रेडियस आणि अल्ना यांच्यात सापळा आहे. रेडियसचे ‘डोके’ वर, कोपराशी असते. अल्नाचे ‘डोके’ खाली, मनगटाशी. अल्नाचे वरचे टोक पान्ह्याच्या जबड्यासारखे उघडे असते आणि ते पुढे तोंड करून दंडाच्या हाडाला पकडते. रेडियसचे उलट: वर लहान गोल चकती, खाली रुंद. म्हणून कोपरात वजन मुख्यतः अल्ना सांभाळते आणि मनगटात हाताचा भार रेडियसवर येतो. हात टेकून पडल्यावर मनगटाजवळ रेडियस इतक्या वेळा का मोडते, याचे अर्धे उत्तर यात आहे.

तिसरी पायरी: आत पाहा

उभे कापलेले हाड पाहायला मिळाले तर तिथे वेळ घालवा, कारण पुस्तकातल्या आकृतीत प्रमाण हरवते. मधला दांडा म्हणजे डायाफिसिस. त्याची भिंत जाड, घट्ट हाडाची, आणि मधे मज्जेची पोकळी. टोके म्हणजे एपिफिसिस. तिथे बाहेर घट्ट हाडाचे पातळ कवच आणि आत जाळीदार हाड. दोहोंच्या मधला रुंदावत जाणारा भाग मेटाफिसिस. टोकाच्या ज्या भागावर दुसरे हाड टेकते तिथे गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. उरलेल्या हाडाला बाहेरून पेरिऑस्टियम नावाचे पातळ पण चिवट आवरण असते.

दांडा पोकळ का? वाकवणाऱ्या बलाचा सर्वाधिक ताण हाडाच्या बाहेरच्या थरावर येतो, मध्यभागी जवळजवळ काहीच नाही. तेव्हा तिथे हाड भरून वजन वाढवण्यात अर्थ नाही. टोकांची गोष्ट वेगळी. सांध्यावर भार अनेक दिशांनी येतो, म्हणून टोके रुंद असतात आणि आतली जाळी त्या भारांच्या रेषांना धरून मांडलेली असते. भार बदलला की हाड आपली रचना बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. टेनिस खेळाडूंच्या खेळणाऱ्या हाताचे ह्यूमरस दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, हे त्याचे चांगले उदाहरण. उलट, बराच काळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे हाड विरळ होत जाते.

घट्ट हाड सूक्ष्मदर्शकाखाली धरले की मधल्या बारीक नळीभोवती वर्तुळाकार थर दिसतात. ही हॅवर्सियन रचना. क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये हाडावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे नाव तिला पडले. नळीत रक्तवाहिन्या असतात आणि थरांमधल्या कप्प्यांत जिवंत पेशी. हाड घडवणाऱ्या पेशी ऑस्टिओब्लास्ट, हाड खाऊन जागा मोकळी करणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट, आणि कप्प्यांत राहून देखरेख करणाऱ्या ऑस्टिओसाइट. आयुष्यभर एकीकडे तोडणे आणि दुसरीकडे बांधणे चालू असते.

हाडाचा कणखरपणा दोन घटकांचा मिळून आहे, आणि तो वेगळा करून दाखवता येतो. हाड सौम्य आम्लात काही दिवस ठेवले की त्यातला चुना निघून जातो आणि मागे कोलॅजेनचा सांगाडा उरतो. आकार तोच राहतो, पण हाड रबरासारखे वाकते. अशा फिब्युलाला गाठ मारता येते. उलट, भाजून कोलॅजेन जाळले तर आकार टिकतो आणि बोटाने दाबताच भुगा होतो. चुन्याने दाबाला टिकायचे, कोलॅजेनने ताणाला.

दांड्यावर तिरके शिरणारे एक बारीक भोक शोधा. हाडाला आतून रक्त पुरवणारी धमनी त्यातून जाते. त्याची दिशा ठरलेली आहे: हातात ती कोपराकडे जाते आणि पायात गुडघ्यापासून दूर. लांब हाडाचे एक टोक दुसऱ्यापेक्षा जास्त वाढते, आणि भोक त्या जास्त वाढणाऱ्या टोकापासून दूर वळते. म्हणजे हाताची हाडे मुख्यतः खांदा आणि मनगट या टोकांना वाढतात, पायाची गुडघ्याशी. लहान मुलाच्या गुडघ्याजवळची इजा डॉक्टर इतक्या गंभीरपणे का घेतात, ते इथे समजते.

चौथी पायरी: वाढीची चकती

मुलांत मेटाफिसिस आणि एपिफिसिस यांच्यामध्ये कूर्चेची एक चकती असते. तिच्या टोकाकडच्या बाजूला पेशी वाढत राहतात आणि दांड्याकडच्या बाजूला त्यांची जागा हाड घेत जाते. लांबी अशी वाढते. जाडी वाढवण्याचे काम मात्र पेरिऑस्टियमचे. चकती बंद झाली की उंची थांबते. बहुतेक मोठ्या हाडांत हे किशोरवयात, मुलींत मुलांपेक्षा थोडे आधी होते.

एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, म्हणून मुलाच्या हाडावर आडवी काळी पट्टी दिसते. नवख्याला तो मोड वाटतो. शंका आली तर दुसऱ्या बाजूच्या त्याच हाडाशी ताडून पाहतात.

मेटाफिसिसची एक गोष्ट पुढे क्लिनिकमध्ये उपयोगी पडते. चकतीलगत बारीक रक्तवाहिन्या माघारी वळतात, तिथे रक्ताचा वेग मंदावतो आणि जंतूंना थारा मिळतो. मुलांत हाडाचा जंतुसंसर्ग बहुधा याच भागात सुरू होतो.

पाचवी पायरी: सांध्याला पहिला प्रश्न

सांध्यांचे प्रकार एकदम पाठ करायला गेलात तर गोंधळ अटळ आहे, कारण पुस्तके दोन वर्गीकरणे शेजारी शेजारी देतात: एक रचनेवरून, एक हालचालीवरून. रचनेपासून सुरुवात करा. विचारा, दोन हाडांच्या मधे काय आहे? उत्तरे तीनच आहेत.

तंतू असतील तर तो तंतुमय सांधा. कवटीच्या हाडांमधल्या नागमोडी शिवणी, जबड्यात रुतलेले दात, आणि घोट्याच्या वर टिबिया-फिब्युला यांना बांधणारा सांधा ही उदाहरणे. पहिल्या दोघांत हालचाल जवळजवळ शून्य, तिसऱ्यात जेमतेम.

कूर्चा असेल तर तो कूर्चामय सांधा. मुलांतली वाढीची चकती तांत्रिकदृष्ट्या याच गटातली, आणि ती तात्पुरती असते. कायमचे उदाहरण म्हणजे मणक्यांमधल्या गाद्या आणि जांघेच्या मध्यावर दोन हाडे जुळतात तो सांधा. इथे तंतुयुक्त, चिवट कूर्चा असते आणि थोडी हालचाल होते. हे सांधे शरीराच्या मध्यरेषेवर असतात, लक्षात ठेवायला ते सोपे जाते.

मधे द्रवाने भरलेली फट असेल तर तो सायनोव्हियल सांधा. हातापायांतले बहुतेक सांधे असेच. कूर्चेने मढवलेली टोके, भोवती पिशवीसारखे आवरण, आवरणाच्या आतून सायनोव्हियल पडदा, आणि त्यातून झरणारा चिकट द्रव, ही मूळ मांडणी. द्रव अगदी थोडा असतो. निरोगी गुडघ्यातही जेमतेम काही मिलीलिटर. वंगणाखेरीज त्याचे दुसरे महत्त्वाचे काम आहे. सांध्याच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण या द्रवातून होते, आणि सांधा हलला, दाबला-सुटला की तो तिच्यात आतबाहेर करतो. कूर्चेत नसाही नाहीत. म्हणून तिची झीज बराच काळ दुखत नाही आणि रुग्ण उशिरा येतो. एकदा झिजलेली कूर्चा जवळजवळ भरून येत नाही, याचेही एक कारण रक्तपुरवठा नसणे हेच.

सहावी पायरी: दुसरा प्रश्न

सायनोव्हियल सांध्याचे सहा प्रकार सांगतात. त्यासाठी विचारा, हा सांधा किती अक्षांवर फिरतो?

एका अक्षावर फिरणारे दोन. बिजागरीचा सांधा: कोपर, घोटा, बोटांची पेरे. खिळीचा सांधा: मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला, ज्याने ‘नाही’ म्हणताना डोके वळते, आणि कोपराजवळचा रेडियस-अल्ना सांधा.

दोन अक्षांवर फिरणारे दोन. लंबगोल सांधा: मनगट आणि मुठीच्या गाठी. खोगिरी सांधा: अंगठ्याच्या मुळाशी. अंगठा बाकीच्या बोटांसमोर आणता येतो तो या सांध्यामुळे. हातातल्या हालचालींत याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही असे माझे मत.

सर्व दिशांना फिरणारा एकच, उखळीचा सांधा: खांदा आणि खुबा. आणि ज्याला ठरावीक अक्ष नाही, नुसते सपाट पृष्ठ एकमेकांवर सरकतात, तो सरकता सांधा: मनगटातली लहान हाडे, मणक्यांचे मागचे सांधे.

खांदा आणि खुबा एकाच प्रकारात बसतात पण स्वभावाने अगदी उलटे आहेत. खुब्याची उखळ खोल, डोके अर्ध्याच्या आसपास आत, अस्थिबंध जाड. खांद्याची उखळ उथळ, डोक्याचा लहानसा भागच तिला टेकतो. डोके जागेवर ठेवण्याचे काम भोवतालच्या चार स्नायूंवर आहे: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. मोकळेपणाची किंमत म्हणजे मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त वेळा निखळणारा सांधा खांदाच.

गुडघ्याला पुस्तके बिजागरीचा सांधा म्हणतात, पण ते अपुरे आहे. पाय पूर्ण सरळ करताना शेवटच्या काही अंशांत मांडीचे हाड नडगीवर किंचित आतल्या बाजूला वळते आणि गुडघा ‘कुलूपबंद’ होतो. त्यामुळे उभे राहायला मांडीच्या स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. वाकवायची सुरुवात करताना पॉप्लिटियस हा गुडघ्यामागचा छोटा स्नायू ते कुलूप उघडतो.

सातवी पायरी: स्वतःच्या अंगावर तपासा

पहिली चाचणी कोपराची. कोपराच्या आतला आणि बाहेरचा हाडाचा उंचवटा आणि मागचे टोक, तिन्हींवर बोटे ठेवा. हात सरळ असताना तीनही बिंदू जवळजवळ एका रेषेत येतात. कोपर काटकोनात वाकवले की त्रिकोण होतो. कोपर निखळले तर हे नाते बिघडते, कोपराच्या वर ह्यूमरस मोडले तर टिकते. आतल्या उंचवट्यामागे बोट फिरवताना झिणझिण्या आल्या तर ती अल्नर नस. जोरात दाबू नका.

दुसरी, पालथा-उताणा हात. बाहेरच्या उंचवट्याच्या किंचित खाली बोट दाबून ठेवा आणि तळहात वरखाली फिरवा. बोटाखाली जे गोल फिरते ते रेडियसचे डोके. एक गोल अस्थिबंध त्याला कड्यासारखा धरून ठेवतो. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलात ही पकड कच्ची असते, म्हणून मुलाला एका हाताने झटक्यात उचलले की डोके त्यातून निसटू शकते.

तिसरी चाचणी मला सर्वांत आवडते. बोटे सरळ ठेवून एकमेकांपासून फाकवा. सहज जमते. आता मुठीच्या गाठींशी बोटे काटकोनात वाकवा आणि पुन्हा फाकवून पाहा. जमत नाही, कारण वाकल्यावर बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. हाताला आधारपट्टी बांधताना हे सांधे वाकवून ठेवतात ते याचसाठी. अस्थिबंध ताणलेले राहिले की आखडत नाहीत आणि पट्टी काढल्यावर मूठ वळते.

चौथी, घोट्याची. आतला आणि बाहेरचा घोटा एकाच वेळी चाचपा; बाहेरचा खाली आणि थोडा मागे असतो. पाऊल वर ओढले की घोटा घट्ट बसतो, कारण टाचेवरच्या हाडाचा पुढचा रुंद भाग पाचरीसारखा अडकतो. टाच उचलून चवड्यावर उभे राहिले की मागचा अरुंद भाग तिथे येतो आणि सांधा सैल पडतो. उंच टाचेच्या चपलेत किंवा पायरी उतरताना पाय मुरगळतो तो अशा स्थितीत, आणि इजा बहुधा बाहेरच्या अस्थिबंधाला होते.

सांधा लिहिताना

उत्तरपत्रिकेत किंवा वहीत प्रत्येक सांधा एकाच क्रमाने लिहा: प्रकार, भाग घेणारी हाडे, आवरण आणि अस्थिबंध, हालचाली आणि त्या करणारे स्नायू, रक्तपुरवठा, नसा. शेवटचा मुद्दा विद्यार्थी टाळतात, आणि दवाखान्यात तोच लागतो. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांचा नियम असा: जी नस सांधा हलवणाऱ्या स्नायूला जाते, तीच सांध्याला आणि बहुधा त्यावरच्या त्वचेलाही फांदी देते. ऑब्ट्युरेटर नस खुब्यालाही जाते आणि गुडघ्यालाही. म्हणून खुब्यात आजार असलेले मूल पुष्कळदा गुडघ्यावर हात ठेवून ‘इथे दुखते’ असे सांगते. गुडघ्याचा एक्स-रे निर्दोष आला की खुबा तपासायचा, आणि खरे तर एक्स-रे काढण्याआधीच.